मागून हाक मारू नये

काळीपिवळी जीप दारात उभी होती आणि आईनं हातावर घातलेल्या दहीसाखरेनं माझा तळहात चिकट झाला होता. कळंबहून लातूर, तिथून ट्रॅव्हल्सनं मुंबई आणि मुंबईहून दोहा असा प्रवास होता. लग्नाला सहा महिने झाले होते, सुधीर नोकरीवर पुढं गेला होता आणि माझा व्हिसा नुकताच हातात पडला होता. गल्लीतल्या बायका ओट्यावर जमल्या होत्या. प्रत्येकीची एक सूचना होती आणि निम्म्या सूचना वाळवंटात पाणी जपून वापरण्याबद्दल होत्या. आई उंबऱ्याच्या आत उभी होती. जीप वळणावर पोचली तेव्हा मी मागं पाहिलं. आई एक हात वर करून तशीच उभी होती, तोंड उघडं, पण आवाज नाही. मला वाटलं, बिचारी रडू दाबतेय.

रडू कसलं दाबतेय! दाराआडच्या खुंटीला लटकलेली माझी पिशवी तिला दिसली होती. त्या पिशवीत माझे खो-खोचे कॅनव्हासचे बूट होते आणि बुटांच्या खाली फाईल होती. बी.पी.एड.च्या गुणपत्रिका, राज्य स्पर्धेची चार प्रमाणपत्रं, सगळं त्यात. चार दिवसांनी दोह्यातल्या एका शाळेत खेळशिक्षिकेच्या जागेसाठी माझी मुलाखत होती. सुधीरनं दहा जणांच्या हातापाया पडून ती जमवली होती.

"पाहिली होती गं पिशवी," आई नंतर फोनवर म्हणाली. "जीप हालली अन् नजर गेली. पण निघालेल्या माणसाला मागून हाक कशी मारावं, रंजे? काम नासतंय. फोन केला तरी हाकच की ती."

काम नासलंच. मूळ कागद दाखवल्याशिवाय शाळेनं पुढं बोलायला नकार दिला. भावानं कुरिअर केलेली पिशवी तीन आठवड्यांनी आली, तोवर जागा भरली होती. मग ईरा पोटात होती, मग ती लहान होती, मग माझंच वय झालं. इथं एखादी गोष्ट संपली की लोक दोन्ही हात झटकून 'खलास' म्हणतात. मीही म्हटलं आणि एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसले. बूट कपाटाच्या तळाशी गेले. आईवर मी इतकी चिडले होते की चार महिने तिच्याशी धड बोलले नाही, हे आज कबूल करून टाकते.

कळंबच्या मैदानावर माझ्या मागंपुढं बसलेल्या आणि तिथंच राहिलेल्या मैत्रिणींनो, तुम्हाला ही पिशवीची गोष्ट पाठ आहे. नाशिक-पुण्याहून इथं आलेल्या बायांनो, तुम्हीही ती आपल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक हळदीकुंकवाला माझ्या तोंडून ऐकलेली आहे. पण पुढची गोष्ट मी अजून कुणाला नीट सांगितलेली नाही.

तर तेव्हा मला इथं येऊन अकरा वर्षं झाली होती आणि दोह्याला लगीनघाई झाली होती. फुटबॉलचा वर्ल्ड कप आठ महिन्यांवर आला होता. समुद्राकाठच्या कॉर्निश रस्त्यावर उलटे दिवस मोजणारं घड्याळ लावलं होतं आणि लोक त्याच्यासमोर फोटो काढायला रांगा लावत होते. सकाळी ज्या रस्त्यानं कामाला जावं तो दुपारी परतताना जागेवर सापडेल याची खात्री नव्हती. आमच्या अल हिलाल वस्तीपासून जवळच टोपीच्या आकाराचं पांढरं स्टेडियम उभं होतं. सुधीर, ज्यानं आयुष्यात कधी बॉलला पाय लावला नाही, तो व्हॉलंटियरचा फॉर्म भरून बसला होता. ईरा शाळेतून आली की जेवायच्या आधी तिकिटांची चौकशी करायची. "Aai, did we get it?" "इन्शाल्ला," मी म्हणायचे, आणि पोळी लाटायला लागायचे. खरं सांगते, मलाही चैन पडत नव्हतं. मैदान, प्रेक्षक, शिट्टी हे शब्द नुसते कानावर आले तरी माझे तळपाय शिवशिवायचे.

आमचा व्हिला म्हणजे नावाला व्हिला. मालकानं भिंती घालून त्याचे सात तुकडे केले आहेत, सात बिऱ्हाडांना एक फाटक आणि एक गच्ची. त्या गच्चीवर एका मंगळवारी, दवाखाना बंद होता म्हणून, मी कपडे वाळत घालत होते आणि खालच्या खोलीतून भाजलेल्या शेंगदाण्याच्या कुटाचा वास आला. मला वाटलं, कुणीतरी आपलं माणूस राहायला आलं! चप्पल न घालता खाली धावले. दारात एक उंच, रुंद खांद्यांची बाई उभी होती, हातात पळी. पातेल्यात भोपळ्याची पानं होती आणि वरून दाण्याचं कूट. मी न विचारताच झाकण उचललं आणि तिनंही न बोलता मला चमचा दिला. फोडणी नव्हती, बाकी आईच्या हातची भाजी.

ती चिसोमो. मलावी देशाची. तिकडच्या मुलांजे नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी चहाचे मळे आहेत, तिथली. प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळून, वर सुतळी बांधून केलेल्या बॉलनं ती खेळायला शिकली. आजी म्हणायची, पोरींचे पाय पाणी आणायला असतात. चिसोमो पाणीही आणायची आणि हंडा उतरवून खेळायलाही जायची. सोळाव्या वर्षी देशाच्या संघात आली. पहिला शर्ट पुरुषांच्या मापाचा होता, गुडघ्यापर्यंत यायचा. तो तिनं कापून घेतला नाही, खोचून खेळली. देशासाठी नऊ वर्षं खेळली. मग शेजारच्या देशात एका क्लबसाठी खेळताना उजव्या गुडघ्यातला लिगामेंट तुटला. ऑपरेशनला वर्षभर उशीर झाला आणि संघ तिच्याशिवाय पुढं गेला. दोह्यात वर्ल्ड कपच्या धामधुमीत मुलींच्या फुटबॉलचे वर्ग निघाले, त्यातल्या एकात प्रशिक्षक म्हणून ती आली. वय एकतीस. तिला विचारलं की काय करतेस, तर 'मी मलावीची मिडफिल्डर आहे' असं ती वर्तमानकाळात सांगायची.

ओळख होऊन महिना झाला असेल, एका संध्याकाळी ती फोन हातात घेऊन थेट आमच्या स्वयंपाकघरात आली. तिच्या देशाच्या संघाचा नवा प्रशिक्षक आला होता. त्याचा आवाजी निरोप होता. जूनच्या शेवटी सराव शिबिर, जुलैत शेजारच्या देशाशी सामना. अनुभवी खेळाडू हवी आहे, येऊन पहिल्याच दिवशी चाचणी दे, वळता येत असेल तर घेतो, नाहीतर पुन्हा बोलावणार नाही. निरोप तिनं आम्हाला तीनदा ऐकवला. तिसऱ्यांदा सुधीरनंही टाळी वाजवली.

वळता येत असेल तर. घोडं तिथंच पेंड खात होतं. सरळ रेषेत चिसोमो हरणासारखी धावायची. पण डावीकडं झटकन वळायचं तर उजव्या पायावर भार द्यावा लागतो आणि तो द्यायच्या आधी ती क्षणभर थबकायची. फिजिओथेरपिस्ट सांगून थकला होता की गुडघा पक्का आहे, भीती डोक्यात आहे. तिच्या देशात मोठ्या माणसांना भेटताना बायका गुडघे टेकतात. ऑपरेशनपासून तिनं ते केलं नव्हतं. आईशी व्हिडिओ कॉलवर ओळख करून दिली तेव्हा चिसोमो अर्धवट वाकली आणि ओशाळून उभी राहिली. आईनं मला विचारलं, "पोरीच्या पायाला काय झालंय?" एवढ्या लांबून तिनं ते हेरलं होतं.

मी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी कपाटाच्या तळाशी हात घातला. कॅनव्हासचे बूट कडक झाले होते, पण पायात गेले.

आमच्या व्हिलाच्या बाजूला मोकळा वाळूचा प्लॉट आहे. उन्हाळ्यात इथं सकाळी साडेपाचच्या पुढं मैदानावर उभं राहणं म्हणजे स्वतःला भाजून घेणं, म्हणून आम्ही उजाडता उजाडता उतरायचो. पिण्याच्या पाण्याच्या वीस लिटरच्या आठ रिकाम्या निळ्या बाटल्या मी एका ओळीत मांडल्या, दोन टोकांना दोन खुंट म्हणून प्लॉटवर पडलेले पाईप रोवले. झाला आमचा संघ. चिसोमोनं सगळीकडं पाहिलं आणि विचारलं, बॉल कुठे आहे? मी म्हटलं, आमच्या खेळात बॉल नसतो बाई, माणसालाच पळवतात.

युक्ती सोपी होती आणि ती माझी नव्हे, कळंबच्या आमच्या बाईंची. नवी मुलगी पळायला घाबरली की बाई तिला शिकवत बसायच्या नाहीत, नुसतं ओळीत बसवायच्या. उकिडवं बसायचं, नजर समोर, मागचं काही दिसत नाही. पाठीवर थाप पडली आणि कानात 'खो' घुमला की उठायचंच. विचार करायला सवडच नाही. भीतीला उठायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आधी पाय निघालेले असतात. मी चिसोमोला दोन बाटल्यांच्या मधे बसवलं. ईरा समोर पळायची, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. मी मागून यायचे, थाप मारायचे आणि ओरडायचे. पहिल्या आठवड्यात ती चार वेळा वाळूत लोळली. उठून हसायची आणि पुन्हा बसायची. दुसऱ्या आठवड्यात ईरा बाटल्यांमधून नागमोडी, साखळी पळायला लागली. शुक्रवारी मंडळातल्या पाच-सहा बायका आल्या, बाटल्या बाजूला सारून स्वतः ओळीत बसल्या आणि त्यातल्या दोघींना नंतर हात देऊन उठवावं लागलं. घरात ईरा चक्क मराठीत म्हणाली, "आई, उद्या पण खो-खो?" मी सुधीरकडं पाहिलं, सुधीरनं माझ्याकडं.

पाचव्या आठवड्यात एका पहाटे मी थाप मारली, ईरा डावीकडं पळाली आणि चिसोमो उठली ती उजव्या पायावर भार देऊन सरळ तिच्या मागं गेली. थबकली नाही. ईराला तिनं खुंटाच्या आत धरलं. मग तिचं तिलाच कळलं आणि ती प्लॉटच्या मधोमध उभी राहून ओरडायला लागली. मीही ओरडत होते. समोरच्या घरातला माळी नळी घेऊन बाहेर आला, त्याला वाटलं आग लागली. त्या दिवशी संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा चिसोमोनं तिच्यासमोर दोन्ही गुडघे टेकले, तळहात जुळवून हळू टाळी वाजवली, त्यांच्या रीतीनं. आई म्हणाली, "औक्षवंत हो माय." आणि पदरानं डोळे पुसले.

चिसोमो निघायच्या आदल्या दिवशी मी तिचे बूट धुतले. फुटबॉलचे बूट, जुने. उजव्या बुटात सूकमधल्या, म्हणजे इथल्या बाजारातल्या, चांभाराकडून जाड तळवा बसवून घेतला होता, ऑपरेशननंतर तिची टाच तिरकी पडायची म्हणून. नवे बूट तिला चावायचे. वाळू निघेना म्हणून मी दात घासायच्या ब्रशनं घासले आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवले. तिला सांगितलं, सकाळी मी तुझ्या बॅगेत टाकते.

सकाळी मी काय केलं? डब्यात धपाटे भरले, दाण्याची चटणी भरली, दहीसाखर केली. बूट विसरले. चिसोमोच्या तळहातावर दहीसाखर घातली, तिनं ती चाटली, मला मिठी मारून 'आचेम्वाली' म्हणाली. आचेम्वाली म्हणजे त्यांच्या भाषेत बहीण. वर्ल्ड कपच्या कृपेनं आमची गल्ली त्या आठवड्यात पाईपलाईनसाठी खोदलेली होती, टॅक्सी कोपऱ्यावर उभी होती. ती बॅग ओढत चालायला लागली. कोपऱ्यापर्यंत दिसावी म्हणून मी गच्चीवर गेले. आणि टाकीच्या सावलीत बूट.

ते हातात घेऊन मी कठड्याशी आले. चिसोमो निम्म्या गल्लीत पोचली होती. जिना उतरून, खड्डे ओलांडून मी जाईपर्यंत टॅक्सी गेली असती. फोन खाली चार्जिंगला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची चाचणी होती, आणि ती देणार होती कुणाच्यातरी उसन्या बुटांत, त्या टाचेनं. हाक मारायला मी तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. एक हात वर, तोंड उघडं. तेव्हा मला कळलं की अकरा वर्षांपूर्वी दारात आई कशी उभी होती. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये. दहीसाखर चाटून निघालेल्या माणसाला तर मुळीच नाही. हे इतकं माझ्या हाडीमाशी खिळलेलं आहे हे मलाच माहीत नव्हतं. मी बी.पी.एड. झालेली, परदेशात राहणारी, आईवर चार महिने रुसलेली बाई, आणि जीभ टाळ्याला चिकटलेली.

चिसोमो टॅक्सीच्या दाराशी पोचली.

"खो!"

सगळ्या अल हिलालला ऐकू गेलं असेल. चिसोमोच्या हातातून बॅग सुटली. ती खाली दबली, उजव्या पायावर भार दिला, डावीकडं गर्रकन वळली आणि माझ्याकडं धावत सुटली. का धावतोय हे तिला ठाऊक नव्हतं. खड्ड्यांवरच्या दोन फळ्या तिनं न बघता ओलांडल्या. मी लेसांची गाठ मारून बूट खाली फेकले, तिनं वरच्यावर झेलले, छातीशी धरले आणि परत पळाली. टॅक्सीवाला घाई करत हॉर्न वाजवत होता, "यल्ला, यल्ला!" मी कठड्यावरून वाकून टॅक्सी वळेपर्यंत दोन्ही हात हलवत राहिले.

चाचणीत तिला घेतलं.

सामना झाला तेव्हा मी सुट्टीला कळंबला होते. मैदानावरचं कुणीतरी फोनवरून दाखवत होतं, चित्र हलत होतं, मधेच कुणाचं तरी डोकं आडवं येत होतं. आई चष्मा लावून माझ्या खांद्याला टेकून बसली होती. उत्तरार्धात चिसोमो मैदानात आली. शर्ट या वेळी तिच्या मापाचा होता. आईनं विचारलं, "हिला खो कोण देतंय?" मी म्हटलं, इथं कोणी देत नाही, स्वतःच उठावं लागतं. सामना संपायला थोडा वेळ होता तेव्हा तिच्याकडं बॉल आला, अंगावर दोघी आल्या, आणि ती डावीकडं वळली. पुढं तिनं बॉल सोडला, दुसरीनं गोल मारला. एक-एक बरोबरी झाली आणि तसाच सामना संपला. मी खाटेवर उभी राहून नाचत होते. आईनं मला खाली ओढलं, खाट मोडेल म्हणून.

मग मी तिला बुटांची गोष्ट सांगितली. आई बराच वेळ चष्मा पुसत राहिली.

"मागून हाक मारलीस?"

"मारली."

"अन् काम नासलं नाही."

"तूच बघितलंस की."

रात्री जेवताना आई एकदम म्हणाली, "तवा तुला मारली असती तर?" मी म्हटलं, तर आज शाळेत शिट्टी फुंकत असते, शेंगदाण्याचा वास आला तेव्हा गच्चीवर नसते, आणि चिसोमो मला भेटली नसती. हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं तिलाही माहीत होतं, पण तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि विषय बदलला.

घर कुठं, असं कुणी विचारलं की मी पूर्वी झटकन कळंब सांगायचे. नंतरची काही वर्षं उत्तर टाळायचे, कारण कळंबला गेलं की अल हिलालच्या गच्चीची आठवण यायची आणि गच्चीवर उभं राहिलं की कळंबची. आता मी दोन्ही सांगते आणि विचारणाऱ्याला काय समजायचं ते समजू देते. चिसोमो नोकरीवर परत आली आहे. तिच्या वर्गातल्या मुली आता आठवड्यातून एकदा ओळीत उकिडव्या बसतात, आणि त्यांना मागून थाप मारायला ती मला बोलावते.

पण त्या सुट्टीचं सांगायचं राहिलं. ऑगस्टमध्ये आम्ही परत निघालो. वर्ल्ड कप तीन महिन्यांवर होता आणि ईराला तिकीट मिळालं होतं, ती रिक्षात बसून कधीची घाई करत होती. तळहातावर दहीसाखर घेऊन मी सगळ्या पिशव्या दोनदा मोजल्या, खुंटीकडंही पाहिलं, रिकामी होती. आई उंबऱ्याच्या आत उभी राहिली. रिक्षा वळणावर पोचली.

"रंजेऽऽ!"

ओट्यावरच्या बायकांनी माना वळवल्या. एकीनं तोंडाला पदर लावला. रिक्षा पुरती थांबायच्या आत मी उतरले आणि पळत दारात आले, धापा टाकत, काय राहिलं म्हणून. आईचे दोन्ही हात रिकामे होते. ती उंबऱ्याच्या बाहेर आली होती.

"काही नाही गं," ती म्हणाली. "मारून बघितली."